पप्पांचा रानातला स्वयंपाक

पप्पांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वयंपाकाचा शोध लावला. त्याआधीही आमच्या घरात दिवसातून दोनदा स्वयंपाक होत होता, पण तो मम्मी करायची, त्यामुळे त्याला कुणी शोध म्हणत नसे. पप्पा एका कार्यालयात हेडक्लार्क होते. घरी आले की चपला काढायच्या आधी ‘पाणी’ म्हणायचे, आणि माठ त्यांच्या हातापासून दोन फुटांवर असायचा. याच माणसानं एका हिवाळ्याच्या तोंडाला मोठ्या आवाजाची मोटारसायकल घेतली आणि दोन मित्रांबरोबर शनिवार-रविवार रानात तंबू ठोकून राहायला सुरुवात केली. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. मम्मी तेवढ्यावरून ओळखायची आणि चहाचं आधण ठेवायची. पप्पांनी मागची सीट काढून तिथं लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं होतं आणि त्यावर पत्र्याची हिरवी पेटी बांधली होती. पेटीत घडीचा गॅस, एकात एक बसणारी भांडी, मूठ वाकणारी पळी, लाकडी मुठीची सुरी. या पेटीला ते ‘किचन’ म्हणायचे. घरातल्या स्वयंपाकघराला ‘आत’ म्हणायचे.

त्या वर्षी मी घरी बसून होते. इंजिनिअरिंग झालं होतं, नोकरी लागली होती, पण रुजू व्हायची तारीख कंपनीनं तीनदा पुढं ढकलली होती. परभणीत माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि इंग्रजी बोलायची मला लाज वाटायची, म्हणून मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. घरी पाहुणे आले की मी गच्चीवर जायची. लोक मला शांत म्हणायचे. मी शांत नव्हते, मी बघत असायची. आता वाटतं, नुसतं बघणाऱ्या माणसाइतकं उद्धट कुणी नसतं, पण तेव्हा मला तो माझा सद्गुण वाटायचा.

पप्पांना माझी गरज पडली ती व्हिडिओमुळे. त्यांच्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपवर आणि आणखी कुठं कुठं ते स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायचे, आणि त्याखालची ओळ त्यांना इंग्रजीत हवी असायची. ‘मित्रा, जरा क्लासमधलं लिही,’ म्हणायचे. माझं नाव संघमित्रा. मी लिहून द्यायची: मंद आचेवर, लाकडाच्या धुरात, एका वडिलांच्या हातून. बारा वर्षं माझी फी भरली त्याचा एवढा एक उपयोग त्यांना झाला. मग व्हिडिओ धरायला कुणीतरी हवं म्हणून मला सोबतही नेऊ लागले. मी माझ्या स्कूटीवर, पायाशी पाण्याचे दोन कॅन घेऊन, तिघांच्या मागून जायची. परभणीहून बोरी, जिंतूर आणि तिथून येलदरीचं धरण. रस्त्यानं कापसाच्या गाड्या, शेतात उभी तूर. हे तिघं पुढं जाऊन एखाद्या टपरीपाशी थांबायचे आणि मी आले की ‘आली बघा आमची ॲम्ब्युलन्स’ असं बँकेतले विलासकाका म्हणायचे. दर वेळी हेच म्हणायचे, आणि दर वेळी पप्पा हसायचे.

धरणाच्या मागच्या पाण्याला एक सपाट माळ होता, तिथं तंबू लागायचे. दोन त्यांचे आणि एक माझा, जरा लांब. सकाळी कॉफीचा कार्यक्रम असायचा. आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाची, कुणी आजारी असलं किंवा सोयरे आले तर होणारी. इथं मात्र पप्पा हातानं फिरवायच्या छोट्या चक्कीत बिया दळायचे, काचेच्या भांड्यावर कागद लावायचे आणि वरून पाण्याची धार गोल गोल सोडायचे. धार सोडताना कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. घरी बुद्धवंदना चालू असताना ते खिशातला मोबाइल बघायचे, पण इथं अगदी ध्यान लागायचं. मग तिघं पहिला घोट घ्यायचे. कारल्याचा रस प्यायल्यासारखी तोंडं व्हायची.

‘काय वाटतंय?’ पप्पा विचारायचे.

‘मस्त. लय स्ट्राँग,’ विलासकाका म्हणायचे आणि पाण्याकडं तोंड करून उभे राहायचे.

‘मागून संत्र्यासारखं येतंय का नाही?’

‘येतंय ना. संत्र्याचं साल,’ नासेरचाचा म्हणायचे. त्यांचं औषधाचं दुकान होतं आणि जॅकेटच्या खिशात दुधाच्या पावडरचं पाकीट असायचं. पप्पांची पाठ वळली की ते अर्धं पाकीट कपात ओतायचे आणि माझ्याकडं बघून एक डोळा मिटायचे. या तिघांमध्ये मला जरा आदर होता तो या पाकिटाबद्दल.

जेवणाची गोष्ट वेगळी होती. पप्पांचं जेवण खरंच चांगलं व्हायचं. घरी ज्यांना कोथिंबीर आणि मेथी वेगळी ओळखता येत नव्हती, त्यांच्या हातची मसुराची आमटी खाऊन विलासकाका बोटं चाटायचे. पप्पा म्हणायचे, ‘उघड्यावर केलं ना, की चवच वेगळी लागते. आत ते जमत नाही.’ यामागची तयारी मला घरातून दिसायची. मम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवायची. शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आली की साडी न बदलता ती खाली फरशीवर बसायची. कांदे चिरायची, खोबरं भाजायची, वाटण वाटायची, तिखट-मीठ मापून घ्यायची. मग एकेक जिन्नस पिशवीत घालून गाठ मारायची आणि प्रत्येक गाठीत चिठ्ठी खोचायची. चिठ्ठ्या जुन्या वहीच्या पानांच्या, अक्षर फळ्यावरचं, गोल आणि मोठं. पुडी एक: तेल तापल्यावर. पुडी दोन: लगेच. पुडी तीन: कांदा तांबूस झाल्यावर. घाई करू नये. मला वाटायचं, चिठ्ठ्या निदान मित्रांना दिसत असतील. पहिल्याच वेळी मी बघितलं, पप्पा मोबाइलचा कॅमेरा माझ्याकडं देतात, पाठमोरे होऊन चिठ्ठी वाचतात, आणि मग ती हळूच चुलीत सरकवतात. पुडी एक, चिठ्ठी जाळात. पुडी दोन, चिठ्ठी जाळात. इतक्या सफाईनं ते ऑफिसातसुद्धा काही करत नसतील.

मला पप्पांचा तिटकारा यायला लागला तो तिथून. मोठं काही नाही, त्यांचं सगळं लहान लहानच खटकायला लागलं. ते पळी उंच धरून रस्सा सोडायचे ते, चव घेऊन डोळे मिटायचे ते. पण मी ओळी लिहून देत राहिले. गप्प राहणाऱ्याला हे सोपं असतं, तो मनात थुंकतो आणि हातानं कामं करत राहतो.

एका गुरुवारी जेवताना मम्मी म्हणाली, ‘मला बी एकदा यायचंय येलदरीला.’

पप्पा भाकरी मोडत होते. ‘तिथं काय करणारेस तू?’

‘काही नाही. तुमी म्हणता चव वेगळी लागते. बसून खाते एकदा, पाण्याकडं बघत.’

‘अगं बाई माणसाची सोय नसते तिथं.’

‘मित्रा जातीच की.’

‘ती लेकरू आहे. आणि बसणार कुठं? गाडीला सीट आहे का?’

मम्मी आमटी वाढायला उठली. पप्पांची वाटी भरलेली होती, तरी तिनं वाढली. माझी मम्मी काही मागणारी नव्हती. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी काय मागितलं, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. ही एक गोष्ट तिनं माझ्यासमोर मागितली आणि तिला मोटारसायकलच्या सीटचं कारण मिळालं, जी सीट त्यांनीच काढली होती.

त्याच शनिवारी नांदेडकडचा एक ग्रुप येलदरीला यायचा होता, दहा-बाराजण. त्यांनी पप्पांचे व्हिडिओ बघितले होते आणि त्यांना पप्पांच्या हातचं मटण खायचं होतं. पप्पा आठवडाभर हवेत होते. मम्मीनं शुक्रवारी सात पुड्या केल्या. शनिवारी तिची सकाळची शाळा, पप्पा मटण आणायला गेलेले. मी हिरवी पेटी उघडली, सातही गाठींतून चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवल्या. मला वाटलं, पुड्या समोर घेऊन बसले की यांना म्हणावं लागेल, हे सगळं ती करते. मग कुणीतरी म्हणेल, त्यांना आणा की. मी हे मम्मीसाठी करतेय, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मला पप्पांचं तोंड बघायचं होतं.

ते मी बघितलं. ऊन कलायला लागलं होतं, नांदेडवाले खुर्च्या टाकून गोल बसले होते, मोठ्या पातेल्यात तेल तापत होतं. पप्पांनी पेटी उघडली, पुड्या काढल्या, पेटीत परत बघितलं, पेटी उलटी केली. कांदा आणि मीठ त्यांना ओळखू आले. आलं-लसूण वासावरून कळलं. राहिल्या दोन सारख्या तपकिरी पुड्या, एक पिवळट, एक लाल. एक पुडी त्यांनी नाकाशी नेली, मग दुसरी, मग परत पहिली. कांदा पातेल्यात पडला होता आणि त्याला थांबायला सांगता येत नव्हतं.

मोबाइलला रेंज फक्त चुलीमागच्या खडकावर मिळायची. पप्पा विलासकाकांचा मोबाइल घेऊन त्यावर चढले. तिथून त्यांचं बोलणं सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

‘हां, बोल,’ ते म्हणाले. फोन त्यांनीच लावला होता. ‘मटण करायलीस का तू? बरं. कांदा टाकलास? मग आता पुढं काय टाकशील? सांग बरं मला.’

थोडा वेळ ऐकलं. मग, ‘बरोबर. आणि दोन तपकिरी आहेत, त्यातली आधी कोणती? कशी ओळखशील? ... तिळाचा वास. शाब्बास. ती शेवटी. बरोबर.’

फोनवर हात ठेवून ते नांदेडवाल्यांना म्हणाले, ‘घरी पण आज हेच चाललंय. दर वेळी विचारती मला.’

‘वहिनींना पण तुम्हीच शिकवता का, साहेब?’

‘शिकवावं लागतं.’

मी आयुष्यात कधी पाचांहून जास्त माणसांसमोर बोलले नव्हते. माझ्या हातात त्यांचाच मोबाइल होता, व्हिडिओ चालू होता, आणि त्या व्हिडिओत माझा आवाज आहे. तो मी पुढं एकदाच ऐकला, फार बारीक आहे, शाळेतल्या मुलीसारखा. ‘मम्मी विचारत नाहीये. पप्पा विचारायलेत. पुड्या मम्मीनं केल्यात, ह्या तिच्या चिठ्ठ्या.’ आणि मी खिशातून चिठ्ठ्या काढून पेटीच्या झाकणावर ठेवल्या.

एका लठ्ठ माणसानं वरची चिठ्ठी उचलली आणि गुरुजींच्या आवाजात वाचली, ‘पुडी तीन. कांदा तांबूस झाल्यावर. घाई करू नये.’ सगळे हसले. दुसऱ्यानं दुसरी वाचली, मुलांनी पाढे म्हणावेत तशी, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हटली. पप्पा खडकावरून उतरले आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले. मटण झालं, चांगलं झालं, खाल्लं गेलं. माझ्याशी कुणी बोललं नाही. भांडी घासताना नासेरचाचा शेजारी येऊन बसले. ‘बेटा,’ ते म्हणाले, ‘ये तो सबको मालूम है. मेरा खिमा कौन भेजती? तेरी चाची. विलास की चटणी? उसकी अम्मा. बोलने का नहीं रहता, बस.’

म्हणजे ते तिघंही जाणून होते. एकमेकांच्या बायकांचा, आईचा हात ते चवीवरून ओळखत होते आणि एकमेकांची पाठ थोपटत होते. मला वाटलं होतं मी एका माणसाचं सोंग उघडं पाडलं. ते तर पूर्ण मंडळ निघालं.

रविवारी दुपारी घरी आले तेव्हा मम्मीला सगळं कळलेलं होतं. विलासकाकांच्या बायकोनं फोन केला होता. मला वाटलं ती हसेल, निदान डोळ्यांनी. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

‘चिठ्ठ्या तू काढल्यास?’

‘हो.’

‘मला इचारलंस?’

‘मम्मी, ते तुला शाब्बास म्हणत होते. सगळ्यांसमोर.’

‘कळलं की मला. शाब्बास म्हणले तवाच कळलं.’

‘मग सांगितलंस कशाला?’

‘मटण वाया गेलं असतं.’ तिनं पप्पांचा शर्ट झटकला, घडी घातली. ‘ते जाळायचे त्या चिठ्ठ्या. मला ठाऊक होतं. राख कोण कुणाला वाचून दाखवतंय? तू माझं अक्षर बारा गड्यांच्या हातात दिलंस, हसायला.’

पप्पांना मी किती तुच्छ समजत होते, आणि मम्मीला मी काय समजत होते? एक पुरावा.

आठवड्याभरानं विलासकाकांचा मम्मीला फोन आला. ‘वहिनी, या शनिवारी तुम्हीच या. असली चव आम्हाला ताजी खाऊ द्या की.’ आवाज बाहेर ऐकू येत होता. त्या आमंत्रणाचा अर्थ मला लगेच कळला. आता ती शुक्रवारी चिरणार, शनिवारी तिथं जाऊन रांधणार, आणि हे तिघं खुर्च्यांवर बसून कॉफीवर बोलणार. माझ्या शौर्याचं फळ हे. मी तिला खुणेनं नको म्हणाले.

‘येते,’ मम्मी म्हणाली.

शुक्रवारी ती शाळेतून आली, साडी बदलली आणि टीव्ही लावून बसली. पप्पा दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आले. फरशी मोकळी होती. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘मग, उद्याचं?’

‘काय उद्याचं?’

‘काही नाही,’ पप्पा म्हणाले, आणि रात्रीच्या आत बाजारातून दीड डझन अंडी घेऊन आले.

ती माझ्यामागं स्कूटीवर बसून आली. शाळेची निळी साडी, वर स्वेटर, डोक्याला स्कार्फ. जिंतूरच्या पुढं तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो उतरेपर्यंत काढला नाही. माळावर तिच्यासाठी खुर्ची टाकली होती, चुलीच्या अगदी जवळ, आणि पळी त्या खुर्चीच्या हातावर ठेवलेली. तिनं पळी उचलून पेटीवर ठेवली, खुर्ची उचलली, पाण्याच्या कडेला नेऊन टाकली आणि आमच्याकडं पाठ करून बसली.

त्यांनी अंड्यांचा रस्सा आणि भात करायला घेतला. असा स्वयंपाक मी पुन्हा बघितला नाही. तिघं मिळून एक कांदा चिरत होते. तेलाच्या आधी हळद पडली. भाताला पाणी किती यावर विलासकाका आणि नासेरचाचांचं पाच मिनिटं भांडण झालं. पप्पा दर दोन मिनिटांनी पाण्याकडं बघत होते, म्हणजे मम्मीच्या पाठीकडं. मी वाट बघत होते की आता ती उठेल. तिला करपल्याचा वास पन्नास पावलांवरून येतो. भात खाली लागला, वास माळभर पसरला. तिनं स्कार्फ जरा घट्ट केला.

विलासकाका तिच्यापर्यंत जाऊन आले. ‘वहिनी, जरा बघता का?’

‘काय बघू?’

‘रस्सा. जरा पातळ दिसायलाय.’

तिनं मान वळवून लांबूनच पातेल्याकडं बघितलं. ‘दिसायलाय की.’ आणि परत पाण्याकडं.

मग पप्पा गेले. वाटीत रस्सा घेऊन. ‘मीठ बघ बरं.’

‘मला काय इचारता? मी आज खायला आलेय.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पप्पांना बरं वाटलं असतं, ते काहीतरी बोलू शकले असते. ते वाटी घेऊन तसेच परत आले, स्वतः चव घेतली, थोडं मीठ टाकलं, थोडं थांबून आणखी टाकलं.

जेवायला बसलो तेव्हा अजून उजेड होता. रस्सा खारट होता, भात वरून कच्चा आणि खालून काळा. नासेरचाचा पहिल्या घासाला ‘या अल्लाह’ म्हणाले आणि पाणी प्यायले. मम्मी सावकाश जेवली. एक अंडं, भात, रस्सा, पुन्हा भात. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. ताट रिकामं झाल्यावर तिनं ते जरा पुढं सरकवलं, आणि आमच्या घरात पप्पा सरकवायचे तसं, काही न बोलता थांबली. पप्पांना समजायला वेळ लागला. मग ते पातेलं घेऊन उठले, तिच्यासमोर वाकले आणि भात वाढायला लागले.

ती नेहमी आमच्या मागून, आत, एकटी जेवायची. त्यामुळे तिला किती लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. ताटावर हात आडवा धरेपर्यंत वाढत राहायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि मम्मीनं बराच वेळ हात धरला नाही.